झाडलोटीच्या पाटीमागचा पासवर्ड

म्हाताऱ्या स्ट्रोमायरला पोलिसांनी अंघोळीच्या झग्यातच उचललं आणि त्याच्या तळघरात चोरीच्या सायकलींचा ढीग सापडला, ही बातमी आमच्या गल्लीत बेकरीच्या रांगेत फुटली. पाव हातात पडेपर्यंत सायकलींच्या मोटारी झाल्या. कोपऱ्यावरच्या केस कापायच्या दुकानात पोचेस्तोवर म्हाताऱ्याला पोलंडात दुसरी बायको निघाली, तीही तरुण.

यातलं खरं एवढंच, की झगा होता. निळा, कोपरावर विरलेला, वारलेल्या बायकोने घेतलेला. पोलिसांनी उचलून नेलं ते म्हाताऱ्याला नव्हे, त्याच्या संगणकाला. सोबत टॅबलेट आणि एक जुना फोन, ज्याची बटणं दाबायला आता अंगठ्यात जोर लागायचा. तळघरात निघाले ते बटाटे आणि सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचं पिंप. त्या पिंपाकडे पोलिसांनी जरा जास्त वेळ पाहिलं, असं म्हणतात. पण तो गुन्हा नव्हता, नुसता आंबट होता.

भानगड वेगळीच होती. बोडनसे सरोवराच्या काठावरचं एक सुट्टीचं घर कुणीतरी इंटरनेटवर भाड्याने लावलं होतं. फोटो असे, की पाहणाऱ्याने तिथल्या तिथे बॅग भरावी. लोकांनी आगाऊ पैसे भरले, पोराबाळांना गाडीत कोंबून तिथे पोचले, तर समोर कुरण आणि त्यांच्याकडे बघत रवंथ करणाऱ्या गाई. तक्रारी झाल्या, पोलिसांनी धागा ओढला, आणि धाग्याचं टोक निघालं दक्षिण जर्मनीत, रॉयटलिंगेनमधल्या आमच्या गल्लीत: गोटहिल्फ स्ट्रोमायर, दुसरा मजला, डावीकडचं दार.

आता हा माणूस कोण, ते सांगायला हवं. कारण गाईंच्या कुरणात कुणाला उतरवण्याएवढी अक्कल त्याच्यात असती, तर त्याचं म्हातारपण बरं गेलं असतं.

स्ट्रोमायर आयुष्यभर शहराच्या पाणीपुरवठ्यात होता. घरोघर तळघरात उतरायचं, मीटरचे आकडे टिपायचे, वर यायचं. वर आला की कॉफी. या शहरात असं तळघर नाही जे त्याने पाहिलं नाही आणि अशी स्वयंपाकघराची खुर्ची नाही जिच्यावर तो टेकला नाही. कुणाच्या घरी नळ गळतो आणि कुणाच्या घरी संसार, दोन्ही त्याला ठाऊक. निवृत्त झाला तेव्हा मीटर स्वतःच आकडे पाठवायला लागले होते. कुणाच्याही तळघरात उतरायचं कारण उरलं नाही. मग बायको, रोसविता, गेली. ती होती तोवर तीच बोलायची आणि तो ऐकायचा; ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला कुणाला हाक मारून आत बोलवायची सवयच नाही. जन्मभर दुसऱ्यांनी त्याला बोलावलं होतं.

अशा वेळी गल्लीत नवी वेगवान केबल आली. कंपनीच्या गोडबोल्या पोराने एकट्या म्हाताऱ्याच्या गळ्यात एवढी दांडगी जोडणी आणि एवढा मोठा वाय-फायचा डबा मारला, की त्यावर एखादं वसतिगृह चाललं असतं. श्वाबी माणसाला, म्हणजे आमच्या या मुलखातल्या काटकसरी माणसाला, फसवलं गेल्याचं दुःख असतं, पण त्याहून मोठं दुःख घेतलेली वस्तू वाया जाण्याचं. स्ट्रोमायरने डब्याचे दिवे लुकलुकताना पाहिले. एवढं सगळं नुसतं वाहून जातंय!

तेव्हा त्याने ठरवलं, की इमारतीतल्या सगळ्यांनी ते वापरावं. फुकट. पैसे देऊ केले तर तो रागवायचा.

पण पासवर्ड सांगायचा कसा? पोटमाळ्यावरचे विद्यार्थी दर सहामाहीला बदलतात. तळमजल्यावरच्या फ्लायडररबाईंना सांगितलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही, फक्त दुसऱ्यांचे दोष आठवतात. आणि इथे स्ट्रोमायरला ती कल्पना सुचली, जिचा त्याला पुढे कितीतरी दिवस अभिमान होता.

आमच्याकडे इमारतीत झाडलोटीचा आठवडा असतो. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते. आठवडाभर जिना, अंगण आणि बाहेरचा फुटपाथ त्याने झाडायचा, शनिवारी पुसायचा आणि पाटी पुढच्या दारावर नेऊन अडकवायची. फ्लायडररबाई कठड्यावरून बोट फिरवून पाहतात. माणसं मरतील, सरकारं पडतील, पण पाटी पुढच्या दारी गेल्यावाचून राहायची नाही. मग त्याहून भरवशाचा निरोप्या कोण? स्ट्रोमायरने पाटी उलटी केली आणि तिच्या पाठीवर, न पुसणाऱ्या काळ्या पेनाने, ठळक अक्षरांत पासवर्ड लिहिला. फ्लायडररबाईंनीसुद्धा मान डोलावली. "व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती आजवर निघालेली नाही.

पाटी फिरू लागली आणि दुसऱ्या मजल्यावर माणसं येऊ लागली. सुरुवातीला खरंच काहीतरी अडायचं म्हणून. स्ट्रोमायर दार उघडायचा, "या, या, बघतो," म्हणायचा, आणि डब्याकडे जाण्याआधी कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवायचा. पुढे काही अडेना. डबा चांगला होता. दोन रविवार कुणीच आलं नाही.

तिसऱ्या रविवारी, कॉफीच्या वेळेला, स्ट्रोमायरने वायर उपटली.

रोसविताच्या पद्धतीने केलेला वेणीपाव, केसांची वेणी घालावी तसा विणलेला, वर बदामाचे काप, टेबलावर मांडून ठेवला होता. थोड्याच वेळात जिन्यात पावलं वाजली. मोजे घातलेले विद्यार्थी आले. "साहेब, नेट गेलं!" मग तिसऱ्या मजल्यावरची बेरिवान अक्सोय आली, वृद्धाश्रमात नर्स, मूळची तुर्कस्तानातल्या मार्दिनकडची. "काका, आईशी बोलत होते, चेहरा अर्ध्यात गोठला तिचा!" फ्लायडररबाई स्वतः कधी आल्या नाहीत, पण दार उघडं टाकून खालून ओरडायच्या, तीही एक सोबतच. "बघतो, बघतो," स्ट्रोमायर म्हणायचा. "तोवर बसा. पाव घ्या. आजच केलाय."

आम्हा सगळ्यांच्या ते लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. पण पाव उत्तम असायचा.

बेरिवानने तर तिसऱ्या खेपेलाच टेबलाच्या पायाशी लोंबणारी वायर पाहिली. पाव संपवून ती वर गेली. पुढच्या रविवारी मात्र जेवणं होताहोताच वर येऊन म्हणाली, "काका, आज जरा उशिरा ओढा. आईची तब्येत बरी नाही. बोलून घेते आणि मग येतेच मी." म्हाताऱ्याचे कान लाल झाले. पण त्या दिवसापासून तो तिचं बोलणं संपेपर्यंत थांबू लागला.

बोलणं संपल्याचं त्याला वरच्या आवाजावरून कळायचं, बाकी सगळं डब्यावरून. डब्याच्या पानावर त्या त्या वेळी जोडलेल्या यंत्रांची नावं दिसतात, ती तो टॅबलेटवर वाचत बसायचा, पूर्वी मीटर वाचायचा तशीच. बेरिवानचा फोन आला, म्हणजे तिची पाळी सुटली. विद्यार्थ्यांचे लॅपटॉप दुपारी उगवले, म्हणजे आज व्याख्यान बुडवलं. फ्लायडररबाईंचा नेटवरचा रेडिओ बंद झाला, म्हणजे त्या झोपल्या. सगळी नावं जागेवर दिसली, की त्याला इमारत भरलेली वाटायची. तो कुणाचं काही उघडून पाहत नव्हता, त्याला येतही नव्हतं. नुसती नावं.

मग ती पहाट आली आणि झग्यातल्या म्हाताऱ्याने दार उघडलं.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंचं नाव डेटलिंग. बोलायला सरळ. बसून त्यांनी विचारलं, "ही जोडणी आणखी कोण वापरतं?"

"सगळे," स्ट्रोमायर म्हणाला. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

"सगळे म्हणजे?"

"इमारतीतले."

"आणि पासवर्ड?"

"पाटीवर आहे."

डेटलिंगबाई जिन्यात गेल्या. पाटी त्या आठवड्यात फ्लायडररबाईंच्या दारावर होती. बाईंनी ती उलटी केली आणि थोडा वेळ तशीच धरून राहिल्या. हसू आलं होतं, ते त्यांनी दाबलं. वर येऊन त्या म्हणाल्या, "स्ट्रोमायरसाहेब, या जिन्यातून टपालवाला जातो. पार्सलवाले जातात. पिझ्झावाला, जाहिराती टाकणारे, धर्माची पत्रकं वाटणारे, विद्यार्थ्यांचे मित्र, मित्रांचे मित्र. या सगळ्यांना तुम्ही घराची किल्ली दिलीत."

"किल्ली नाही हो. नुसतं पाणी."

"डब्यात नोंद असते का, कधी कोण जोडलं होतं?"

नोंद होती, पण थोड्याच दिवसांची, जाहिरात त्याआधीची. म्हाताऱ्याला सगळी नावं तोंडपाठ होती, पण त्या दिवशी कोणतं नाव होतं आणि कोणतं नव्हतं, ते आठवेना. त्याने डोळे मिटून पाहिलं. रोज तीच नावं. शिवाय कधीमधी एखादं परकं नाव दिसायचं, आकड्यांचं, तेही त्याला आठवलं. त्याला वाटायचं, कुणाकडे पाहुणा आला असेल. त्याला बरंच वाटायचं.

खाली फ्लायडररबाई जिन्यात उभ्या होत्या. "माझ्या आठवड्यात!" त्या म्हणत होत्या. "काल झाडलेल्या जिन्यावर बूट! माझ्या आठवड्यात!"

जाताना डेटलिंगबाईंनी त्याला नीट समजावलं, शत्रुत्व नव्हतं त्यात. पासवर्ड बदला, लांब ठेवा, कुणाला देऊ नका. डब्याच्या बुडाशी चिकटवलेला कारखान्याचा पासवर्डही बदला, तो कुणीही वाचू शकतं. पाहुण्यांसाठी डब्यात वेगळं जाळं काढता येतं, तेवढंच हवं तर द्या, तेही आलेल्याच्या हाती, तो गेला की बंद. आणि डब्यासाठी कंपनी सुधारणा, म्हणजे अपडेट, पाठवते त्या टाकत जा.

"आणि ज्याने केलं तो?" स्ट्रोमायरने विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या. पोलिसांचं 'बघू' आणि म्हाताऱ्याचं 'बघतो', दोन्ही एकाच जातीची. कॉफी मात्र त्या न घेताच गेल्या.

टॅबलेट आणि फोन लवकर परत आले, संगणक मिळायला हिवाळा उलटला. प्रकरण थांबवलं होतं: त्याच्याविरुद्ध काही नाही. दुसऱ्या कुणाविरुद्धही काही नाही. बेकरीतल्या बायकांना हे सांगून काही उपयोग नव्हता, त्यांच्याकडे सायकली होत्या. पण गल्लीची त्याला पर्वा नव्हती. त्या 'दुसऱ्या कुणाविरुद्धही नाही'ने म्हाताऱ्याला आतून पोखरलं. चोर सापडला असता तर तो एकच माणूस गेला असता. सापडला नाही, म्हणून सगळेच संशयात राहिले, आणि सगळेच गेले.

इमारतीचं वागणं, खरं सांगायचं तर, सभ्य होतं. म्हणूनच वाईट होतं. पोलीस येऊन गेल्यावर आठवड्याभरात प्रत्येकाने स्वतःची जोडणी घेतली होती. जिन्यात भेटले, की आधी तेच सांगायचे. "आम्ही आता आमचं घेतलंय हं, साहेब. तुम्हाला उगाच त्रास नको." बोलताना नजर खांद्यावरून पलीकडे. म्हाताऱ्याचा संशय येतो म्हणून नव्हे. म्हाताऱ्याला आपला संशय येत असेल म्हणून. फ्लायडररबाईंनी पाटीची पाठ सँडपेपरने घासून काढली आणि ती फिकट, खरबरीत जागा सगळ्यांना दिसेल अशी पाटी उलटीच लटकवली. एक आठवडा. मग सुलटी केली.

स्ट्रोमायरने सांगितलेलं सगळं केलं. चष्मा लावून, पुस्तिका मांडीवर घेऊन, एकेक ओळ वाचत. लांब पासवर्ड ठेवला, कुणालाही ओळखता येणार नाही असा. बुडावरची चिठ्ठी खरवडून काढली. सुधारणा टाकल्या. पाहुण्यांचं जाळं उघडलं. डबा विचारू लागला, पाहुण्याला किती वेळ ठेवायचं? त्याने तो प्रश्न दोनदा वाचला. मग ते पान बंद केलं.

नावांच्या पानावर आता एकच नाव उरलं: त्याचा स्वतःचा टॅबलेट. तो बंद केला की पान कोरं, पण कोरं आहे हे पाहायला तो चालू करावा लागायचा, आणि चालू केला की पुन्हा तेच एक नाव. रोज तो ते वाचायचा.

रविवारी पाव करायचा. वायर उपटायचा. जिन्यात कुणाचं पाऊल वाजायचं नाही, कारण कुणाचं काही अडत नव्हतं. वर तिसऱ्या मजल्यावर बेरिवानच्या आईचा आवाज चालू असायचा, स्पष्ट, न तुटता. तो ऐकत बसायचा. बदामाचे काप पावावरून उचलून खायचा, पाव तसाच.

या सगळ्यात एकटी बेरिवान आली. झाकलेली ताटली घेऊन, कॉफीच्या वेळेला. घंटा वाजली तेव्हा म्हातारा उठला, जवळजवळ धावला. दाराशी पोचला. आणि त्याच्या हाताने, जो हात या शहरातल्या प्रत्येक तळघराच्या कडीवर पडला होता, आतली साखळी अडकवली. फटीएवढं दार उघडलं.

"काका, द्राक्षाच्या पानांच्या भरलेल्या गुंडाळ्या केल्यात. तुम्हाला आवडतात ना."

 त्याला बेरिवानचा चेहरा दिसत होता आणि त्याच वेळी आठवत होतं, की तिच्याकडे मागच्या वर्षी तिचा चुलतभाऊ राहायला आला होता. दिवसभर फोनवर बोलायचा. त्यालाही पासवर्ड दिला असेल. दिलाच असेल, पाटी तर दारावरच होती.

बेरिवानची नजर साखळीवर गेली.

"माझ्यावरपण का, काका?"

"कुणावर नाही," तो म्हणाला. "कुणावरच नाही, पोरी."

पण साखळी निघाली नाही. ती काढायला दार आधी लावून घ्यावं लागतं, आणि तिच्या तोंडावर दार कसं लावायचं, या विचारात तो उभा राहिला. बेरिवानने ताटली पायपुसण्यावर ठेवली. "गार होतील," म्हणाली, आणि वर गेली. तिची पावलं हळू होती. तिने हाक मारण्याएवढा वेळ दिला होता, हे त्याला नंतर, ताटली धुताना कळलं. धुतलेली ताटली त्याने तिच्या दाराशी ठेवली, घंटा न वाजवता.

त्यानंतर तिच्या घरच्या आवाजाकडे त्याचे कान लागेनात. रविवारी तो स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचा.

त्याने स्वतःला बजावून पाहिलं, की तो चुलतभाऊ नसेल. मग विद्यार्थी असतील. तेही नसतील, ती पोरं भाबडी होती. मग फ्लायडररबाईंचा भाचा, जो फक्त ईस्टरला येतो. प्रत्येक माणसाला एकेक करून सोडवून पाहिलं आणि प्रत्येकाला सोडवलं, की पुढचा उभा राहायचा. मीटर चुकत असेल तर तो बदलता येतो. याला काय बदलायचं? पाळी आली की तो जिना झाडायचा, कठडा पुसायचा, आणि पाटी पुढच्या दारावर अडकवताना आत कुणाला चाहूल लागू नये म्हणून नुसत्या मोज्यांवर जायचा.

वसंतात त्याने कंपनीला फोन लावला. "नेट बंद आहे," त्याने सांगितलं. "पूर्ण बंद." पलीकडच्या मुलीने बरेच प्रश्न विचारले, दिवे दिसतात का, वायर घट्ट आहे का. "माणूस पाठवा," तो एवढंच म्हणाला. माणूस मंगळवारी सकाळी येईल असं ठरलं. त्यांच्यात सकाळ म्हणजे आठ ते बारा.

मंगळवारी दिवस उजाडताना त्याने पीठ मळलं. विणलं. बदाम लावले. निळा झगा नाही, धुतलेला सदरा घातला. टेबलावर दोन बशा, दोन कप. आठ वाजल्यापासून तो खिडकीशी उभा राहिला.

बारा वाजायच्या जरा आधी गाडी आली. उतरला तो कंपनीच्या जॅकेटातला थोराड माणूस, झ्वोनिमिर नावाचा, क्रोएशियाचा. सकाळपासून कुणाच्या ना कुणाच्या जिन्यात चढून वैतागलेला. घंटा वाजली. म्हाताऱ्याने दार उघडलं. पूर्ण. साखळी भिंतीला लोंबत होती.

झ्वोनिमिरने पेटी खाली ठेवली, डब्याकडे पाहिलं, वाकला, आणि वायर उचलून धरली. तिचं टोक बशीशेजारी नीट ठेवलेलं होतं, कुणी चमचा ठेवावा तसं.

"आजोबा, ही तर काढलेली आहे."

"हो."

झ्वोनिमिरने वायर लावली. दिवे लागले. त्याने आपल्या यंत्रावर काहीबाही तपासलं आणि भुवया उंचावल्या. "बंदोबस्त मात्र झकास केलाय तुम्ही. मला स्वतःलाही आत शिरता येत नाही. लोक जन्मतारीख ठेवतात हो, नाहीतर कुत्र्याचं नाव." म्हातारा कॉफी ओतत होता. त्याने मान वर केली नाही. झ्वोनिमिरची नजर दुसऱ्या बशीवर गेली, पावावर गेली, पुन्हा वायरीवर आली. त्याचा चेहरा उतरला आणि लगेच पारा चढला, कारण पुढे अजून घरं बाकी होती.

"म्हणजे वायर तुम्हीच काढलीत आणि मला बोलावलंत? अहो, खाली दारावर एवढ्या घंटा आहेत, एवढी नावं आहेत! एखाद्या शेजाऱ्याला बोलवायचं होतं कॉफीला!"

स्ट्रोमायरने पावाचा मोठा तुकडा कापला, समोरच्या बशीत ठेवला आणि म्हणाला, "त्यांना पासवर्ड ठाऊक होता. तुम्हाला नव्हता. बसा."